स्कायलाइन जीटी-आरचा भाव कशाने ठरतो

जुन्या जपानी स्पोर्ट्स गाड्यांच्या किमतींचा विषय निघाला की बहुतेक जण ‘अशा किती गाड्या तयार झाल्या’ या आकड्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. नोकरीनिमित्त काही वर्षे कानागावा प्रांतात राहत असल्याने हा बाजार मला जवळून पाहायला मिळतो, आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की तो आकडा किमतीचे फार थोडे स्पष्टीकरण देतो. कारखान्यातून निघालेल्या गाड्यांपैकी किती तशाच्या तशा उरल्या, आणि त्या विकत घेण्याची मुभा कोणत्या देशाने कधी दिली, या दोन गोष्टी भाव ठरवतात. निस्सानच्या स्कायलाइन जीटी-आर या एकाच घराण्याचा इतिहास चाळला तरी हे लक्षात येते.

आधी एक उलटे उदाहरण सांगतो. माझ्दाने १९९२ साली ऑटोझॅम एझेड-१ नावाची चिमुकली दोन आसनी गाडी आणली. तिचे दरवाजे पक्ष्याच्या पंखांसारखे वर उघडतात, एंजिन आसनांच्या मागे आहे, आणि ते ६५७ सीसीचे टर्बो एंजिन सुझुकीच्या ज्या कुळातले आहे त्याच कुळात आपल्या मारुती ८००चेही एंजिन मोडते. अशा साडेचार हजारही गाड्या झाल्या नाहीत. १९९९ ते २००२ या काळातल्या, आर-३४ पिढीच्या स्कायलाइन जीटी-आर मात्र साडेअकरा हजारांच्या आसपास झाल्या. केवळ संख्येवर भाव ठरत असता तर एझेड-१ महाग असायला हवी होती. प्रत्यक्षात तिच्या किमतीच्या कित्येक पटींनी आर-३४ विकली जाते. कमी असणे आणि हवीशी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाजार पैसे मोजतो ते दुसरीसाठी.

संख्येने खरोखर भाव ठरवलेली गाडी म्हणजे टोयोटा २०००जीटी. यामाहाच्या सहकार्याने घडलेली ही गाडी १९६७ ते १९७० या काळात जेमतेम साडेतीनशेच्या घरात तयार झाली. त्या वेळी तिची किंमत २३ लाख ८० हजार येन होती, तर १९६६ साली आलेली साधी कोरोला ४ लाख ३२ हजार येनांत मिळत होती. २०१३ साली अमेरिकेतील एका लिलावात २०००जीटीने दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. २०२२ साली कॅरोल शेल्बी या नामांकित अमेरिकी शर्यतपटूच्या संघाने शर्यतीत उतरवलेली २०००जीटी २५ लाख ३५ हजार डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने १९ कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेली. इथे मात्र शर्यतीचा इतिहास, शेल्बी यांचे नाव आणि अत्यल्प संख्या या तिन्ही गोष्टी एकाच गाडीत एकत्र आल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

आता जीटी-आरकडे वळतो. १९६६ साली प्रिन्स ही कंपनी निस्सानमध्ये विलीन झाली आणि स्कायलाइन हे नावही तिच्यासोबत आले. शिनिचिरो साकुराई यांच्या हाताखाली तयार झालेल्या स्कायलाइनची पहिली जीटी-आर १९६९ च्या फेब्रुवारीत चार दरवाजांची म्हणून आली आणि १९७० साली दोन दरवाजांची. खोक्यासारख्या चौकोनी बांध्यामुळे तिला सगळे ‘हाकोसुका’ म्हणतात. तिच्यातील एस२० हे १९८९ सीसीचे सहा सिलिंडरचे, चोवीस व्हॉल्व्हचे एंजिन प्रिन्सच्या आर३८० या शर्यतीच्या गाडीवरून उतरलेले होते, आणि १९७२ पर्यंत या गाडीने जपानमधील टूरिंग शर्यतींत पन्नास विजय मिळवले. तिच्या पाठोपाठ १९७३ साली ‘केनमेरी’ या लाडक्या नावाची पुढची जीटी-आर आली. तोवर धुराचे नियम कडक झाले होते आणि एस२० एंजिन त्यांत बसणारे नव्हते, त्यामुळे अवघ्या १९७ गाड्या विकून हे प्रकरण बंद झाले. त्यानंतर सोळा वर्षे जीटी-आर हे नाव कुठल्याच गाडीवर दिसले नाही.

हाकोसुकाच्या बाबतीत खरेदीदाराला सर्वांत मोठा धोका असतो तो नकलेचा. साध्या स्कायलाइन जीटीला जीटी-आरची चिन्हे, मागच्या चाकांवरचे वाढीव मडगार्ड आणि तीच रंगसंगती देऊन केलेल्या गाड्या जपानमध्ये भरपूर आहेत, आणि त्यांपैकी कित्येक प्रामाणिकपणे ‘जीटी-आरसारखी’ म्हणूनच विकल्या जातात. अडचण येते ती दोन-तीन मालक बदलल्यावर, कारण तोवर ‘सारखी’ हा शब्द गळून पडलेला असतो. म्हणून जाणकार माणूस गाडीच्या देखणेपणात न गुंतता आधी बॉनेट उघडायला सांगतो आणि एंजिनामागच्या पत्र्यावर कोरलेला चासी नंबर वाचतो. दोन दरवाजांच्या अस्सल गाडीचा नंबर ‘केपीजीसी१०’ या अक्षरांनी सुरू होतो आणि साध्या गाडीचा ‘केजीसी१०’ने. मधल्या एका ‘पी’ अक्षरावर किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आजच्या बाजाराचा कणा मात्र १९८९ साली आलेली आर-३२ आहे. नागानोरी इतो यांच्या नेतृत्वाखाली झालेली ही गाडी शर्यतीच्या ‘ग्रुप ए’ नियमांचे गणित समोर ठेवूनच आखली होती. आरबी२६ एंजिन २५६८ सीसीचे असणे हा योगायोग नव्हे: टर्बो एंजिनाला नियमाप्रमाणे १.७ ने गुणले की हा आकडा ४५०० सीसीच्या गटात बसत होता. या शर्यतींतल्या पात्रतेसाठी निस्सानच्या ‘निस्मो’ या शर्यत-विभागाच्या नावाने पाचशे खास गाड्या काढल्या, शिवाय साठ शर्यतीसाठी. १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानी टूरिंग स्पर्धेच्या २९ पैकी २९ शर्यती आर-३२ ने जिंकल्या, आणि ऑस्ट्रेलियात बॅथर्स्टची शर्यत १९९१ व १९९२ अशी सलग दोनदा. ‘गॉडझिला’ हे नाव तिला ऑस्ट्रेलियानेच दिले. कागदावर मात्र तिची ताकद २८० अश्वशक्तीच लिहिलेली होती, कारण जपानी उत्पादकांनी आपसांत तेवढी मर्यादा पाळण्याचे ठरवले होते. खरी ताकद त्याहून जास्त असल्याचे सर्वांना ठाऊक होते.

आर-३२ जीटी-आरची नवी किंमत ४४ लाख ५० हजार येन होती आणि जवळपास ४४ हजार गाड्या झाल्या. तिला दुर्मिळ म्हणणे कठीणच. दीड-दोन दशकांपूर्वी ती दहा-पंधरा लाख येनांत सहज मिळत असे, असे इथले जुने दुकानदार सांगतात आणि सांगताना हळहळतात. मग बदलले काय? बदलला तो अमेरिकेचा पंचवीस वर्षांचा नियम लागू होण्याचा काळ. १९८८ च्या कायद्यानुसार अमेरिकी सुरक्षा निकषांना धरून न बनलेली गाडी तिकडे आणता येत नाही, मात्र बनून पंचवीस वर्षे झाली की ही अट सुटते, आणि हा हिशेब महिन्यानिशी होतो. त्यामुळे २०१४ साली आर-३२ साठी अमेरिकेचे दार उघडले आणि १९९९ च्या जानेवारीत आलेल्या आर-३४ साठी ते जानेवारी २०२४ मध्ये. कॅनडाची अट पंधराच वर्षांची असल्याने तिथले लोक आधीच या गाड्या घेऊन जात होते. लहानपणी या गाड्या फक्त व्हिडिओ गेममध्ये चालवलेली अमेरिकी पिढी नेमक्या याच काळात कमावती झाली होती. चित्रपटांचाही यात वाटा आहे: ‘फास्ट अँड फ्युरियस’ मालिकेतील अभिनेते पॉल वॉकर यांनी पडद्यावर चालवलेली निळी आर-३४ मे २०२३ मध्ये १३ लाख ५७ हजार डॉलरना विकली गेली. पण ती किंमत त्या एका गाडीची आहे आणि तिच्यावरून इतर आर-३४ चा भाव काढणे चुकीचे आहे, जे अनेक विक्रेते सर्रास करतात.

मागणी अशी वाढली तेव्हा पुरवठा आतून पोखरला गेलेला होता. जपानमध्ये नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ नावाची खर्चीक तपासणी करावी लागते, आणि पेट्रोलची गाडी तेरा वर्षांची झाली की वार्षिक करही साधारण १५ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे सामान्य माणूस जुनी गाडी काढून टाकतो. त्यातून ज्या उरल्या त्या तरुणांच्या हाती स्वस्तात गेल्या. त्यांनी घाटरस्त्यांवर आणि ड्रिफ्टच्या, म्हणजे गाडी आडवी घसरवत चालवण्याच्या, मैदानांवर त्या मनसोक्त पिदडल्या, टर्बो बदलले, सस्पेन्शन खाली आणले, अंतर्भाग उपसून टाकले. निस्सान सिल्व्हिया आणि टोयोटाची एई८६ या गाड्या तर अशा वापरातच बहुतांशी संपल्या. मला याबद्दल त्या तरुणांना दोष द्यावासा वाटत नाही, कारण गाडी ज्यासाठी बनली होती तेच त्यांनी केले, आणि त्यांनी ते केले नसते तर या गाड्यांची ख्यातीही झाली नसती. परंतु परिणाम असा झाला की छेडछाड न झालेली, ज्याला इथे ‘नॉर्मल’ म्हणतात अशी गाडी खरोखर दुर्मिळ झाली. जुन्या पैठणीला नवा पदर जोडला की जाणकाराच्या लेखी तिचे मोल उतरते, तसेच इथे बदललेल्या मडगार्डाचे होते, मग काम कितीही सफाईदार असो.

हे मला नीट उमगले ते एका सहकाऱ्यासाठी आर-३२ शोधत असताना. इथल्या व्यापारी लिलावांत प्रत्येक गाडीसोबत एक पानी तपासणीपत्रक असते, आणि तिथे लिलावगृहाचा तपासनीस विक्रेत्याची भीड ठेवत नाही. पत्रकावर उजव्या कोपऱ्यात गाडीची श्रेणी असते: ४ किंवा ४.५ म्हणजे उत्तम, ३.५ म्हणजे वापरलेली पण धड, आणि ‘आर’ म्हणजे अपघातानंतर दुरुस्त केलेली. अंतर्भागाला ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी. खाली गाडी उलगडून सपाट केल्यासारखे एक रेखाचित्र असते आणि त्यावर हाताने खुणा केलेल्या असतात: ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे डेंटिंग-पेंटिंगनंतर राहिलेली लहर, ‘एस’ म्हणजे गंज, आणि दोनदा ‘एक्स’ म्हणजे तो पत्रा बदललेला आहे. आमच्यासमोरची काळी गाडी छायाचित्रात नवीकोरी वाटत होती. पत्रकात मात्र उजव्या पुढच्या मडगार्डावर दोन ‘एक्स’ होते, दरवाजावर ‘डब्ल्यू’ होते आणि मागच्या सस्पेन्शनच्या माथ्याशी गंजाची नोंद होती. शिवाय स्पीडोमीटर निस्मोचे होते. जपानी गाडीचे मूळ मीटर १८० पर्यंतच दाखवते म्हणून हौशी लोक ३२० चे मीटर बसवतात, आणि त्यासोबत किलोमीटरची नोंदही शून्यापासून सुरू होते. म्हणजे काटा दाखवत असलेल्या अंतरावर विश्वास ठेवण्याला काही आधारच उरत नाही. सहकाऱ्याने ती गाडी सोडली. माझ्या मते योग्यच केले.

गंज हा या गाड्यांचा खरा शत्रू आहे. आर-३४ मध्ये तो बहुधा पुढच्या सस्पेन्शनच्या माथ्याशी, बॉनेटखाली, सांध्याच्या लेपामागे लपून वाढतो. आर-३२ च्या सुरुवातीच्या एंजिनांत ऑइल पंपाला फिरवणारा क्रँकवरचा भाग आखूड होता आणि जोराने चालवल्यास पंप फुटत असे. त्यामुळे ‘एंजिन एकदा उघडून तो दोष दूर केला आहे’ अशी पावती असलेली गाडी न उघडलेल्या एंजिनापेक्षा भरवशाची मानली जाते. मूळपणाला अपवाद असलेली ही एक जागा मला महत्त्वाची वाटते. पावत्यांची फाइल मी रंगापेक्षा वरचढ धरतो.

भाव वाढल्याचा एक निखळ फायदा झाला, तो सांगितलाच पाहिजे. निस्मोने २०१७ च्या अखेरीस आर-३२ जीटी-आरचे बंद झालेले सुटे भाग पुन्हा बनवायला सुरुवात केली आणि पुढे आर-३३ व आर-३४ चाही त्यात समावेश केला. टोयोटानेही सुप्राच्या दोन पिढ्यांचे आणि २०००जीटीचे काही भाग पुन्हा काढले. होंडा तर आपल्या एनएसएक्सचे पुनरुज्जीवन १९९३ पासून स्वतःच करून देत आली आहे. गाडी दहा लाख येनांची असताना रबराच्या एका पट्टीसाठी साचा पुन्हा बनवणे कुठल्याच कंपनीला परवडले नसते. दुसरी बाजूही आहेच. तापमान राखलेल्या गोदामात झाकून ठेवलेल्या आणि केवळ भाव चढण्याची वाट पाहणाऱ्या गाड्यांची संख्या वाढते आहे, आणि योकोहामाजवळच्या दाइकोकू या द्रुतगती मार्गावरच्या विश्रांती-थांब्यावर रविवारी सकाळी दिसणाऱ्या जीटी-आर कमी होत चालल्या आहेत, असे तिथे नेहमी येणारे सांगतात. मला याचे वाईट वाटते. ज्या एंजिनाचा आवाज ऐकूनच माणसे या गाडीच्या प्रेमात पडली, ते एंजिन वर्षानुवर्षे बंद ठेवण्यासाठी एवढे पैसे मोजणे मला पटत नाही.

पुण्या-मुंबईचे मित्र नेहमी विचारतात की यांतली एखादी भारतात आणता येईल का. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी, अशी आपल्याकडे अट आहे, त्यामुळे आर-३२ पासून आर-३४ पर्यंतच्या सर्व गाड्या बाद होतात. २०२५ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या आयातीची वाट मोकळी केली. त्याआधी ही सवलत १९५० पूर्वीच्या गाड्यांपुरतीच होती. म्हणजे हाकोसुका, केनमेरी आणि २०००जीटी आता नियमात बसतात. सीमाशुल्क मात्र जबर आहे, आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ मालिकेत नोंदलेली अशी व्हिंटेज गाडी प्रदर्शने आणि रॅली अशा प्रसंगांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही.

मला स्वतःला कोणी निवड करायला सांगितली तर मी आर-३३ घेईन. १९९५ ते १९९८ या काळात सोळा हजारांहून अधिक झालेली ही मधली पिढी जरा मोठी आणि जड म्हणून कायम मागे पडली. चालवायला मात्र ती आर-३२ पेक्षा स्थिर आहे, आणि तिचा एंजिन-संच जवळपास तोच आहे. तिच्या सर्व गाड्या अमेरिकेला पात्र होऊन गेल्या असल्याने कायद्यामुळे येणारी उसळी तिच्या भावात आता उरलेली नाही. आर-३४ चे तसे नाही. धुराच्या नव्या नियमांमुळे ऑगस्ट २००२ मध्ये टोयोटाची सुप्रा आणि माझ्दाची आरएक्स-७ यांच्याबरोबर तीही बंद झाली, आणि शेवटी निघालेल्या ‘न्यूर’ आवृत्तीच्या सुमारे एक हजार गाड्या त्या अखेरच्या महिन्यांतल्या आहेत. त्यांची पंचवीस वर्षे २०२७ मध्ये भरतील. इथल्या दुकानदारांनी ती तारीख धरून आतापासूनच त्या गाड्या काचेआड ठेवल्या आहेत, आणि किंमत विचारली तर ‘सल्लामसलतीने’ एवढेच उत्तर मिळते.