रिपोर्टिंग टूल निवडताना वेलांटीनं अडवलं : माझा अनुभव

आमच्या ॲप्लिकेशनमधून पावत्या, प्रमाणपत्रं आणि ठरलेल्या नमुन्यातले अर्ज छापायचे होते. त्यासाठी टूल निवडायचं काम माझ्याकडे आलं. डेटाबेसला जोडणं, बेरजा, बारकोड, एक्सेल फाइल काढणं हे बहुतेक टूलना जमतं, त्यावर वेळ घालवू नका. मला अजून राग आहे तो मराठी मजकुराचा.

एका टूलवर आमचं जवळपास एकमत झालं होतं. अर्जाची मांडणी करायचा डिझायनर सुरेख, प्रिव्ह्यूमध्ये अर्ज हवा तसा. पीडीएफ काढली आणि 'मिलिंद'मधल्या दोन्ही पहिल्या वेलांट्या आपापल्या अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसल्या. 'शक्ती'तला क पाय मोडून वेगळा, त्याच्या शेजारी 'ती' वेगळी.

विक्रेत्याच्या सपोर्टला कळवलं. उत्तर आलं, "फॉन्ट इन्स्टॉल करा." मंगल होताच. मग नोटो सान्स देवनागरी टाकला, लोहित टाकला, फॉन्ट पीडीएफमध्येच भरून (एम्बेड करून) पाहिला. वेलांटी जागची हलेना. पुन्हा लिहिलं तर आधी स्क्रीनशॉट मागितला, मग नमुना फाइल, मग आवृत्ती विचारली, आणि फिरून तोच फॉन्टचा सल्ला. त्याच फॉन्टमध्ये प्रिव्ह्यू बरोबर दिसतोय, मग दोष फॉन्टचा कसा, या प्रश्नाला कुणी उत्तरच देईना.

कारण शेवटी आम्हीच शोधलं. युनिकोडमध्ये 'मि' साठवताना आधी म येतो, मग वेलांटी. ती डावीकडे नेणं, जोडाक्षर घडवणं हे काम शेपिंग इंजिनाचं. फॉन्टमधले ओपनटाइप तक्ते, म्हणजे अक्षरं कशी जुळवायची याचे नियम, वाचून ते हे करतं. क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांच्यात त्यासाठी हार्फबझ नावाचं इंजिन आहे. या टूलचा प्रिव्ह्यू अशा इंजिनातून जात होता, पण पीडीएफ लिहिणारा भाग अक्षरं साठवलेल्या क्रमानंच कागदावर उतरवत होता. तिथे कुठलाही फॉन्ट टाकून उपयोग नव्हता. प्रमाणपत्रावर माणसाचं नाव मोडकं छापणं मला मान्य नव्हतं, म्हणून ते टूल मी नाकारलं आणि त्याचं मला समाधान आहे.

तेव्हा डेमो बघायला बसाल तर त्यांचा तयार इंग्रजी डेटा बाजूला ठेवायला सांगा आणि 'ज्ञानेश्वर', 'कर्तृत्व', 'वऱ्हाड', 'मूर्ती' असे शब्द स्वतः टाइप करा. प्रिव्ह्यूवर समाधान मानू नका, पीडीएफ मागा, आणि तीही कागदावर छापून बघा.

आम्ही शेवटी एचटीएमएल टेम्प्लेट आणि त्याची पीडीएफ काढायला हेडलेस क्रोमियम, म्हणजे खिडकी न उघडता चालणारा ब्राउझर, घेतलं. सर्व्हरची मेमरी बरीच खातं, पण अक्षरं निर्दोष येतात आणि टेबलाचं शीर्षक प्रत्येक पानावर आपोआप येतं. अपाचे एफओपी या पीडीएफ काढणाऱ्या मोफत टूलमध्ये 2012 च्या 1.1 आवृत्तीपासून देवनागरीची सोय आहे, पण त्याला लागणारी एक्सएसएल-एफओ ही मांडणीची भाषा लिहायला आमच्याकडे कुणी राजी नव्हतं. एचटीएमएलची पीडीएफ करणाऱ्या डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफचं काम बंद होऊन 2023 मध्ये त्याचा कोड फक्त वाचण्यापुरता संग्रहात ठेवला गेला, त्यामुळे नव्या कामासाठी मी ते सुचवणार नाही. आणि लायसन्स आधी वाचा : आयटेक्स्ट या पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीची मोफत आवृत्ती एजीपीएल या, आपलाही कोड खुला करायला लावणाऱ्या लायसन्सखाली आहे, बंद कोडच्या उत्पादनात ती तशीच वापरता येत नाही.

कार्बन प्रती हव्या असतील तर डॉट मॅट्रिक्सच लागतो, आणि पीडीएफ त्यावर चित्र म्हणून जाते, त्यामुळे छपाई फार हळू होते. तिथे साधा मजकूर थेट प्रिंटरला पाठवणारा वेगळा मार्ग ठेवावा. मराठी मजकूर मात्र बहुधा चित्र म्हणूनच पाठवावा लागतो.

एक सांगायचं राहिलं. आधीच छापलेल्या फॉर्मच्या चौकटींत मजकूर बसवायचा असेल तर प्रिंटच्या खिडकीत 'फिट टू पेज' बंद करून 'ॲक्चुअल साइझ' निवडा. टेम्प्लेटमध्ये 100 मिलिमीटरची रेघ काढून छापा आणि पट्टीनं मोजा. ती 97 भरली तर टेम्प्लेटला हात लावू नका, आधी प्रिंटरची सेटिंग बघा.