होडी रुतली त्या दुपारी

भरतीचं गणित कोळीवाड्यातल्या पोरासोरांनाही येतं. तिथीला पाऊणने गुणायचं, आली वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पाऊणपट केली की सव्वाअकरा. पाण्याला खाडीच्या आत ऐरोलीपर्यंत चढायला आणखी वेळ लागतो, म्हणून आम्ही साडेबारा धरतो. हे सगळं पाठ असूनही पौष पौर्णिमेला आमची होडी चिखलात रुतली, आणि चूक माझी होती.

मी ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्यात पक्षी मोजते. अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. अभयारण्य सुमारे १,६९० हेक्टरचं, त्यातली निम्म्याहून थोडी जास्त खारफुटी, बाकी पाणी आणि चिखल. या कामातली खरी अडचण कुणी फारशी सांगत नाही. होडीला भरती लागते आणि पक्ष्यांचं ताट मांडलं जातं ओहोटीला. पंगत रंगात आली की आम्ही निघालेलो असतो.

त्या दिवशी होडीत चौघं होतो. मी, नाखवा काका आणि मोजणी शिकायला आलेले दोन विद्यार्थी, एक मुलगा, एक मुलगी. अडीच वाजता काका म्हणाले, "ताई, फिरूया आता." मला एक थवा मोजायचा राहिला होता. म्हटलं, दहाच मिनिटं. ती पंधरा झाली. वळताना तळ घासला, इंजिनाने काळं पाणी उसळलं आणि होडी एका अंगाला कलून थांबली.

मुलगा उतरून ढकलायला निघाला. काकांनी त्याचा दंड धरला. "कमरेपर्यंत जाशील, मग तुला कोण काढील? बस गप." मग बिडी पेटवून होडी पुन्हा तरंगायचा हिशोब सांगितला: रात्री साडेदहा. मोबाईलला पूर्ण रेंज, समोर ऐरोलीच्या पुलावर गाड्यांची रांग, आणि आम्ही एका शहराच्या पोटात अडकलेले. खायला चिवड्याचं एक पाकीट, प्यायला दीड बाटली पाणी. दोन बायका, दोन पुरुष आणि आडोसा नसलेली होडी, म्हणजे पाणी जपून प्यायला तेही एक कारण. पुढचं सांगत नाही.

पहिला तास फोनाफोनीत गेला. मग आम्ही गप्प झालो आणि चिखल बोलायला लागला. खरंच, त्याला आवाज असतो. हजारो बिळांतून बुडबुडे फुटतात, बारीक तडतड होते, तव्यावर मोहरी पडल्यासारखी. निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, परांवर रेटा देत सरकत होत्या, मधेच शेपटी आपटून उडी मारायच्या. एक नांगी मोठी असलेले खेकडे ती नांगी वरखाली हलवत बसले होते. काठाला तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, श्वासमुळं पेन्सिली रोवाव्यात तशी उभी, आणि फांद्यांवर गेल्या उधाणाने अडकवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. शहराचं सांडपाणी खाडीला शेवाळाची रसद पुरवतं आणि धाकट्या रोहितला, म्हणजे फ्लेमिंगोच्या लहान जातीला, तेच शेवाळ हवं असतं. हे मी लोकांना सांगते खरी, पण सांगताना कुठल्या सुरात सांगावं ते अजून जमलेलं नाही.

साडेचारच्या सुमाराला पाण्याची कड मागे सरकत गेली आणि तिच्यामागून ते आले. इंजिन बंद, कुणी हलत नाही, म्हणजे होडी त्यांच्या लेखी एक ओंडका. चालत चालत पंचवीस-तीस पावलांवर आले. मान खाली, चोच उलटी, ती बसल्या जागी इकडून तिकडे फिरवायची. जिभेने पाणी आत ओढून चोचीच्या जाळीतून बाहेर सोडायचं, याची इतकी सूक्ष्म चुळबुळ चालली होती की ती ऐकू येत होती. चोच गडद किरमिजी, लांबून काळीच वाटणारी, म्हणजे धाकटे रोहित.

"ताई, हे मळके कोण?" मुलीने कुजबुजून विचारलं.

गुलाबी पायांच्या गर्दीत करडे, मातकट पक्षी होते. अंगावर अजून गुलाबी न चढलेले, एकदोन वर्षांचे. मी दुर्बीण न लावता मोजू लागले. एका घोळक्यात दहांत एक, दुसऱ्यात दहांत दोन. मग दुर्बीण उलटी धरली. त्यातून सगळं लहान दिसतं, नेहमीच्या अंतरावरून दिसतं तेवढं. करडे चिखलात विरघळून गेले. राहिली फक्त गुलाबी रेघ.

सहा वाजून गेले, सूर्य मुंबईच्या बाजूला उतरला आणि नवी मुंबईच्या इमारतींमागून चंद्र वर आला. तिवरात कोल्हे ओरडले, एक, मग तीन-चार. मुलगा दचकला, इथे कोल्हे असतात हे त्याने वाचलं होतं, ऐकलं नव्हतं. रोहितांचं खाणं थांबलं नाही. चांदण्यात रंग गेले, चुळबुळ तेवढी उरली.

साडेदहाला दहा मिनिटं असताना होडी हळूच सरळ झाली.

घरी बोलणी खायची ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी कपाटातून जुने फॉर्म काढले. आमच्या फॉर्मवर 'अल्पवयीन पक्षी' असा एक रकाना आहे. बऱ्याच पानांवर त्यात शून्य आहे, माझ्या अक्षरात.