जुनी क्लच प्लेट फेकण्याआधी

कापसाची वेचणी सुरू झाली की हिंगणघाटच्या आसपासच्या खेड्यांतील पिकअप वावर ते जिनिंग अशा सतत धावत असतात, म्हणून आमच्या जुन्या गाडीचा क्लच मी दसऱ्याआधीच उघडायचे ठरवले. भरलेली गाडी पांदणीचा चढ चढू लागली की इंजिनाचा आवाज वाढे, वेग मात्र वाढत नसे, आणि केबिनमध्ये जळका वास येई. खात्रीसाठी सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि पेडल हळूहळू सोडले. क्लच धड असता तर इंजिन तिथेच बंद पडले असते. ते चालूच राहिले, म्हणजे क्लच घसरत होता. ही परीक्षा एकदाच घ्यावी, कारण पुन्हा पुन्हा घेतल्यास क्लच प्लेटवरचे उरलेसुरले लायनिंगही, म्हणजे घर्षणाचा थरही, जळते.

या कामात खरी मेहनत गिअरबॉक्स उतरवण्याची असते. मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवावा लागतो, स्टार्टर आणि क्लच ढकलणारे स्लेव्ह सिलिंडर बाजूला करावे लागतात आणि मग जड गिअरबॉक्स जॅकवर तोलून मागे ओढावा लागतो. एवढे सगळे उघडल्यावर फक्त प्लेट बदलून गाडी जोडणे मला मुळीच पटत नाही. क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग सोबतच बदलावे. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक पेलणारे पायलट बेअरिंग बोटाने फिरवून खरखर लागली तर तेही.

मात्र जुनी प्लेट कोपऱ्यात फेकण्याआधी ती उजेडात नीट पाहावी, असा माझा आग्रह आहे. लायनिंग दोन्ही बाजूंनी सारखे झिजून रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत आले असेल, तर प्लेटचे आयुष्य संपले एवढाच त्याचा अर्थ. आमच्या प्लेटची फ्लायव्हीलकडची (इंजिनाच्या टोकावरच्या जड चाकाकडची) बाजू मात्र तेलाने काळी आणि चकचकीत झाली होती. "भाऊ, हे तेल कुठलं ते आधी पाहू," असे म्हणून मिस्त्रींनी बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, तळाचे तेल बोटावर घेतले. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो. हे तेल डिझेल इंजिनातल्या वापरलेल्या तेलासारखे काळेभोर होते आणि त्याला तो वास नव्हता. फ्लायव्हील उतरवल्यावर त्यामागेही ओल दिसली, तेव्हा क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य शाफ्टचे) मागचे ऑइल सील गेल्याचे नक्की झाले. ते तसेच ठेवले असते, तर नव्या प्लेटवरही तेल आलेच असते.

फ्लायव्हीलवर निळसर डाग होते, पण भेगा नव्हत्या, म्हणून ते लेथवर सपाट करून आणले. खोल भेगा असत्या तर ते बदलावेच लागले असते. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक आहे.

जोडताना प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे येते, ते तिच्यावरची खूण पाहून ठरवावे. डमी शाफ्टने (तात्पुरत्या दांड्याने) प्लेट मध्यभागी धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावे. गिअरबॉक्समधून प्लेटमध्ये शिरणाऱ्या इनपुट शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी पुसट लावावे; जास्त झाले तर ते उडून लायनिंगवर बसते. गिअरबॉक्स सरकवताना त्याचे वजन क्षणभरही त्या शाफ्टवर लोंबू देऊ नये, नाहीतर नव्या प्लेटचा मधला भाग वाकतो. शेवटी क्लचच्या लाइनमधली हवा काढून पेडलला थोडी मोकळी चाल आहे ना, हे तपासावे.

नवी प्लेट नीट रुळेपर्यंत सुरुवातीच्या खेपा हलक्या भराव्यात. पावसात काळ्या मातीत चाक रुतले, तर अर्ध्या क्लचवर गाडी पुढेमागे झुलवत बसण्यापेक्षा ट्रॅक्टर बोलावून ती ओढून घ्यावी. आमच्या घरी आता जो कुणी गाडी चालवतो त्याला हे मी किल्ली देतानाच सांगतो.