हाय, पण घावत न्हाई

"तुझ्या लिंबाला कावीळ झालीय," सासूबाई म्हणाल्या तेव्हा मला हसू आलं. दिवसभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं बिलिरुबिन मोजायचं आणि घरी येऊन झाडाचंही तेच ऐकायचं. पण गच्चीत जाऊन पाहिलं तर त्यांचं खोटं नव्हतं. सोळा इंची कुंडीतलं कागदी लिंबू, तीन वर्षांचं. शेंड्याची कोवळी पानं पिवळीधम्मक, त्यात फक्त शिरांचं बारीक हिरवं जाळं. खालची जुनी पानं मात्र ठणठणीत.

आता कळतं की निदान तिथेच समोर होतं. तेव्हा मी पान पाहिलं, पण ते झाडावर कुठे आहे ते पाहिलं नाही.

पिवळं म्हणजे उपाशी, एवढाच हिशोब करून मी ऑक्टोबरपासून त्याला भरवत सुटले. आधी गांडूळखत. मग अंड्यांची टरफलं मिक्सरला लावून. मग कुठल्याशा व्हिडिओत पाहून पानाच्या टपरीवरचा चुना पाण्यात कालवून. गावाकडून आलेल्या चुलीतल्या राखेच्या दोन मुठी. एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, तर काय, ते हल्ली सगळ्यांच्याच कपाटात असतं. जानेवारीपर्यंत नवी पानं हिरवीही उरली नाहीत, हस्तिदंती झाली, टोकं करपली, आणि आलेला सगळा बहर गळून कुंडीत पडला.

यादी पुन्हा वाचून पाहा. टरफलं, चुना, राख. तिन्ही अल्कधर्मी. मी झाडाला औषध म्हणून रोगच पाजत होते, पण हे मला सांगायला तासगावचे मामा लागले.

मामांची द्राक्षबाग आहे. कुंडीतली मातीही त्यांच्याच रानातली. तीन वर्षांपूर्वी दोन पोती काळी माती त्यांनी गाडीच्या डिकीत घालून आणून दिली होती, "तुमच्या नर्सरीतली लाल माती म्हंजे नुस्ता रंग" असं म्हणत. मी त्यांना फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"अगं पोरी, ह्यो केवडा हाय. लोखंड."

"मामा, काळ्या मातीत लोह कमी कसं असेल?"

"कमी कुठं म्हनलो? मातीत हाय की रग्गड. हाय, पण झाडाला घावत न्हाई. चुनखडीनं धरून ठेवलंय."

केवडा हा शब्द मी द्राक्षाच्या डाऊनी रोगासाठी ऐकला होता. ती बुरशी. पण उसाची कोवळी पानं चुनखडीच्या रानात पिवळीपांढरी पडतात त्यालाही आमच्याकडे केवडाच म्हणतात, आणि ती बुरशी नव्हे, लोहाची उपासमार. एकच नाव, दोन दुखणी. दुकानात जाऊन नुसतं "केवड्याचं औषध द्या" म्हटलं तर काय हाती पडेल देव जाणे.

मामांचं वाक्य मला मात्र लगेच पटलं, कारण असे रिपोर्ट मी रोज पाहते. जुनाट दुखण्यातला ॲनिमिया: फेरिटिन भरपूर, म्हणजे शरीराच्या कोठारात लोह आहे, आणि सीरम आयर्न तळाला, म्हणजे रक्तात फिरत नाही. अशा माणसाला लोहाच्या गोळ्या देत राहून फारसं साधत नाही, मूळ दुखणं पाहावं लागतं. कुंडीतही तेच होतं. मातीचा सामू (पीएच) वाढला, म्हणजे ती अल्कधर्मी झाली, की लोह न विरघळणाऱ्या रूपात जाऊन बसतं. सामू एक अंकाने चढला तर विरघळलेलं फेरिक लोह जवळपास हजारपटीने घटतं. मग गंजके खिळे पुरून काय होणार? गंज म्हणजे तेच न विरघळणारं लोह.

आणि पानाची जागा. नत्र, पालाश, मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड जुन्या पानांतून काढून नव्या फुटीला पुरवतं, घरातली आजी आपल्या ताटातली पोळी नातवाच्या ताटात सरकवते तसं. म्हणून ती उणीव खालच्या पानांवर दिसते. नत्र असेल तर खालचं पान अख्खं सारखं फिकट होतं; माझा मोगरा दर पावसाळ्यात होतो तसा, कारण पावसाने नत्र धुऊन जातं. पालाश असेल तर कडा करपतात. लिंबाला मॅग्नेशियम कमी पडलं की जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा उलटा व्ही उरतो आणि बाकी पान पिवळं. लोह मात्र एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही. त्यामुळे लोहाची बोंब कायम शेंड्यावर. जस्ताचीही तिथेच, पण त्यात पानं बारीक, अरुंद निघतात आणि पिवळे ठिपके अस्ताव्यस्त असतात. चुनखडीत ही दोन्ही दुखणी बऱ्याचदा जोडीने येतात, माझ्या झाडावरही जस्ताची चार-पाच पानं सापडली.

एक गोष्ट मी या सगळ्याआधी करायला हवी होती: कुंडी आडवी करून मुळं पाहणं. पाणी साचून मुळं कुजली की वर हुबेहूब असंच पिवळं दिसतं, आणि थंडीतही मुळं लोह नीट उचलत नाहीत. माझी मुळं पांढरी होती, वास नव्हता. नशीब.

मामा म्हणाले, माती तपासायला ॲसिड टाक. घरात व्हिनेगर होतं. वाटीत कोरडी माती घेऊन ओतलं तर सोडावॉटरसारखी फसफसली. मी अक्षरशः वाटी कानाशी धरली, आवाज येत होता. माती नीट चाळली तर साबुदाण्याएवढे पांढरे खडेही निघाले. तीन वर्षं मी त्यांना कसले तरी दगड समजत होते.

मग आकड्यांची हौस. सातशे रुपयांचा पेनासारखा पीएच मीटर मागवला. पहिलं रीडिंग ७.१. मी खूश. मग आठवलं, लॅबमध्ये कॅलिब्रेशन न करता कुणी रिपोर्ट काढला असता तर मी त्याला उभं केलं असतं. पेनासोबत आलेल्या बफरच्या पुड्या, ४.०१, ६.८६ आणि ९.१८, डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवल्या, मीटर लावून घेतला, आणि तीच माती ८.२ निघाली. मातीत टोचायचे दोन दांड्यांचे जे स्वस्त मीटर मिळतात ते आणूच नका, माझ्याकडच्याने ताकही ७ दाखवलं होतं. आमची पद्धत अशी: वरची नव्हे, मुळांच्या खोलीची माती, एक भागाला अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर, अर्धा तास मधून मधून ढवळायचं, मग मोजायचं.

दुसरा धक्का पाण्याचा. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर यांची सरमिसळ. टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ७८०, सामू ८.१. आणि मी काटकसरी बाई, आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत धरून झाडांना घालत होते. ते मोजलं, १,२५०. साहजिकच आहे, आरओ चांगलं पाणी आपल्याला देतं आणि सगळे क्षार त्या नळीत ढकलतं. कुंडीच्या भोकातून निथळलेलं पाणी मोजलं तर २,४००. कुंडीच्या काठावरची पांढरी खरपुडी, करपलेली टोकं, दोन्हींचा उलगडा झाला. पाणी वाचवल्याचं पुण्य मी वर्षभर मिरवलं होतं. आता ते पाणी फरशी पुसायला जातं.

आधी क्षार काढले. मार्चमध्ये एसीच्या नळीखाली बादली लावली. ते पाणी हवेतली वाफ थंड होऊन आलेलं, टीडीएस वीसच्या आत. आठवडाभर साठवून कुंडीच्या दुप्पट पाणी सावकाश सोडलं, निथळ ६०० पर्यंत उतरली. खतं सगळी बंद.

मग लोह. मामांचा सल्ला हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट: लिटरला पाच ग्रॅम, सोबत एक ग्रॅम लिंबूसत्त्व, संध्याकाळी फवारणी. द्रावण ताजं असेल तर फिकट हिरवं दिसतं, तांबूस झालं की लोह गंजलं, फेकून द्या. मी आळस करून सकाळी केलेलं द्रावण संध्याकाळी वापरलं. पानांवर काही फरक नाही, गच्चीच्या फरशीवर मात्र गंजाचे डाग, जे अजून आहेत. दुसऱ्यांदा ताजं करून मारलं तर आठवड्याने पानं हिरवी झाली, पण ठिपक्या-ठिपक्यांनी, जिथे थेंब पडला तिथेच! लोह हलत नाही याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा कुठला मिळणार. सासूबाई म्हणाल्या, "आता ह्याला गोवर आलाय."

फवारणी म्हणजे सलाईन. मुळाशी द्यायला चिलेटेड लोह लागतं, म्हणजे दुसऱ्या रेणूच्या पकडीत विरघळतं ठेवलेलं, आणि इथे दुकानदार बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला ईडीटीए टेकवतो. त्यात खोट नाही, पण ते साधारण साडेसहा सामूच्या वर लोहाला धरून ठेवू शकत नाही. ८.२ च्या मातीत ते ओतणं म्हणजे पैसे ओतणं. तिथे चालतं ते ईडीडीएचए, पाण्यात वाइनसारखं लाल होतं. महाग आहे, पण कुंडीला दोन ग्रॅम पुरतात. उन्हात ते निकामी होतं, म्हणून संध्याकाळी घालून वर पाणी दिलं. वीस दिवसांत आलेली नवी फूट, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, पोपटी. पोपटी आणि पिवळा यांत फरक आहे, तो आता मला लांबून कळतो.

रोजच्या पाण्यात लिंबूसत्त्व. दहा लिटरच्या बादलीला सपाट चमचाभर घातलं की आमच्या पाण्याचा सामू साडेसहाच्या आसपास येतो. तुमच्या पाण्याला अर्धा चमचाही पुरेल, मोजल्याशिवाय घालू नका. अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं तर आकडा थोडा वर सरकलेला दिसतो, कारण कार्बन डायऑक्साइड उडून जातो. त्याला घाबरून आणखी घालायचं नाही. गंधकाचाही विचार केला होता, पण फसफसणाऱ्या मातीत तो हरतो. जिवाणू त्याचं आम्ल बनवणार, चुनखडी ते खाणार, आणि चुनखडी तर मातीत खडेच्या खडे भरून.

म्हणजे शेवटी माती बदलायची. हे मी जूनपर्यंत ढकललं, आणि कारण शास्त्रीय नव्हतं. ती पोती मामांनी स्वतः जिन्यावरून वर चढवली होती, गुडघा दुखत असताना. पहिला पाऊस पडल्यावर एका रविवारी लिंबू काढलं, मुळांभोवतीची माती पावसाच्या पाण्याने सैल करून झाडली, सगळी नाही, दोन तृतीयांश. नवं मिश्रण: लाल माती, कोकोपीट, मुरलेलं शेणखत, थोडी भाताची तुसं. लाल मातीवर व्हिनेगर ओतलं, गप्प राहिली. सामू ६.४. पंधरा दिवस झाड रुसलं, पानं लोंबली, मी सावलीत ठेवलं. श्रावणात फुललं. यंदा अकरा लिंबं धरली आहेत. पूर्वी चाळीस यायची, पण अकरा ती अकरा.

मॅग्नेशियमचा तो उलटा व्ही आता दोन-तीन जुन्या पानांवर दिसू लागलाय. एप्सम सॉल्टचा डबा अखेर योग्य वेळी उघडणार आहे, आणि या वेळी चमचा मोजून.

दिवाळीत मामा आले तेव्हा गच्चीत गेल्या गेल्या त्यांनी लिंबाच्या कुंडीत बोट खुपसलं. लाल माती. काही बोलले नाहीत. मग कोपऱ्यातल्या ड्रमातलं डाळिंब पाहिलं, त्याला चुनखडी सोसते म्हणून कुंडीतून काढलेली त्यांची काळी माती मी तिथे ओतली होती.

"भगवा वाण हाय का?" त्यांनी विचारलं.

"हो मामा."

"मग छाटणी मला विचारून कर," म्हणाले, आणि फरशीवरचे गंजाचे डाग बघून हसायला लागले.