रूथ झाबवाला आणि आजची दुपार

आज सुट्टी होती. दुपारभर ‘हीट अँड डस्ट’ ही कादंबरी वाचत बसले, चहा दोनदा गार झाला. मग लेखिकेचं आयुष्य शोधत गेले.

रूथ प्रॉवर झाबवाला. जन्म १९२७, जर्मनीतलं कलोन. ज्यू कुटुंब, १९३९ मध्ये इंग्लंडला निसटलं. मागे राहिलेले नातलग नाझींनी मारले, हे कळल्यावर १९४८ मध्ये वडिलांनी आत्महत्या केली. इथे मोबाइल खाली ठेवला. बराच वेळ गॅलरीत नुसती उभी राहिले.

पुढे पारशी आर्किटेक्टशी लग्न, दिल्लीत चोवीसेक वर्षांचा संसार, तीन मुली. १९७५ ला बुकर, मग न्यूयॉर्क. मर्चंट-आयव्हरी या निर्माता-दिग्दर्शक जोडीच्या चित्रपटांच्या पटकथांसाठी दोन ऑस्कर! केवढी मोठी बाई!

संध्याकाळी आईला फोन लावला. काही काम नव्हतं, आवाज ऐकायचा होता.