बचावासाठी श्लोक

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका मराठी वाड्याच्या वाटणीचा दावा दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं लोंबकळतोय, आणि त्यातूनच चुलतभावाच्या डोक्यात सळई घातल्याचा फौजदारी खटला उभा राहिला. मी आरोपीची, म्हणजे नानांची, वकील. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ग्वाल्हेरात भाऊबंदकीच्या फायलींना तोटा नाही. ही मनात रुतली ती नानांच्या वहीमुळे.

आरोपीच्या जबाबाची तारीख जवळ आली, म्हणून नाना आणि त्यांची बायको, वहिनी, ऑफिसात आले. नाना रोज पहाटे गीतेचा अध्याय म्हणतात. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. मागच्या पानांवर लाल शाईत, सुवाच्य अक्षरात श्लोक लिहिलेले.

"ताई, हे जबाबात घाला."

पहिला वसिष्ठाच्या धर्मशास्त्रातला. आग लावणारा, विष देणारा, शस्त्र उगारणारा, धन लुटणारा, शेत बळकावणारा, बायको पळवणारा, हे सहा आततायी. 'क्षेत्र' या शब्दाखाली दोन रेघा. त्याखाली मनुस्मृतीचा आठवा अध्याय : आततायी चालून आला तर गुरू असो, बालक असो, म्हातारा असो, विचार न करता मारावा.

"त्याने माझ्या वाटच्या दोन खोल्या दाबल्या. मग तो कोण झाला?"

हे श्लोक नानांनी पदरचे घातलेले नव्हते. धर्मग्रंथांत असलं काही नाहीच, असं सांगून मोकळे होणारे लोक मला पटत नाहीत. आहे, आणि स्वच्छ शब्दांत आहे. जुन्या टीकाकारांनाही ते वचन अवघड गेलं; याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या मिताक्षरा टीकेत त्यावर वाद आहे.

मी आधी कायदा सांगितला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३७ : सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल, तर स्वसंरक्षणाचा हक्क उरत नाही. तुमचा तर दावाच कोर्टात आहे, नाना. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं नाही. मग मी कपाटातली गीता काढून पहिल्या अध्यायातला छत्तिसावा श्लोक दाखवला. आततायी तिथेही आहेत, आणि अर्जुन म्हणतो की यांना मारून आपल्याला पापच लागेल.

नाना शांतपणे म्हणाले, "तो अर्जुनाचा मोह. भगवंतांनी पुढे सतरा अध्याय तोच घालवला. तुम्ही मला मोहातला श्लोक दाखवताय."

मला उत्तर सुचलं नाही. श्लोकावर श्लोक टाकून हा वाद मिटणारा नव्हता.

या गावात हा विषय मला पुस्तकी वाटत नाही. गांधीजींवर चाललेलं पिस्तूल जानेवारी १९४८ मध्ये ग्वाल्हेरातूनच मिळवलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात, दिल्लीच्या खटल्यात, नथुराम गोडसेने आपल्या निवेदनात राम, कृष्ण आणि अर्जुन यांचे दाखले दिले. ज्यांना मारलं तेही गीता उशाशी ठेवणारे. कुरुक्षेत्र माणसाच्या मनात आहे असं मानणारे. आणि मे १९६० मध्ये इथून जवळच, भिंडकडे, चंबळच्या डाकूंनी विनोबांपुढे बंदुका ठेवल्या. आईला संस्कृत कळत नाही म्हणून गीता मराठीत आणणारे ते विनोबा. ग्रंथ एकच. म्हणून ग्रंथात काय लिहिलंय एवढंच विचारून माझं समाधान होत नाही. तो माणसाने कधी उघडला, हातात सळई घेण्याआधी की नंतर, हेही मला विचारावंसं वाटतं.

तेच मी नानांना विचारलं. ते बोलले नाहीत. बोलल्या वहिनी.

"लॉकअपमधून सुटून आल्यावर लिहिलंय हे, ताई. वही पुढून उघडा."

पुढची पानं निळ्या शाईत होती. मोरीत राख टाकली, तारीख. नळाला कुलूप, तारीख. आईच्या वर्षश्राद्धाला जिन्यात सायकल आडवी लावली, तारीख. पानामागून पान तेच. एकाही नोंदीपाशी श्लोक नव्हता. नाना खिडकीकडे बघत म्हणाले, "जिन्यातली सायकल डोळ्यांपुढे होती तेव्हा. बाकी काही नाही."

जबाबात श्लोक गेले नाहीत. घडलं तेवढं सांगायचं ठरलं, आणि वाड्याचा दावा मध्यस्थीकडे न्यायला नाना कसेबसे तयार झाले. निघताना वहिनी दारात थांबल्या. मुलगा कॉलेजात आहे, वहीतले दोन्ही श्लोक त्याला पाठ आहेत आणि काकाला धडा शिकवला याचा त्याला अभिमान आहे, असं त्यांनी हळूच सांगितलं. नानांच्या शिक्षेपेक्षा मला या गोष्टीची जास्त धास्ती वाटली. म्हटलं, पुढच्या वेळी त्याला घेऊन या.

तो आला. मी त्याच्यापुढे आरोपपत्रासोबतचा वैद्यकीय अहवाल ठेवला आणि मोठ्याने वाचायला लावला : कवटीला तडा, सोळा टाके, उजव्या कानाने ऐकू येत नाही. "कायमचं?" त्याने विचारलं. डॉक्टरांना तसंच वाटतं, मी म्हटलं. मग गीतेचा पहिला अध्याय काढला आणि तोही त्याला पहिल्या श्लोकापासून वाचायला सांगितला.