मी बसे, तो बसे

आठवी 'ब'मध्ये रीतिभूतकाळाच्या, म्हणजे पूर्वी नेहमी घडायचं ते सांगणाऱ्या काळाच्या, तासाला मला हमखास झोप येई. आमचे व्याकरणाचे सर जुन्या वळणाचे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तरी फळ्यावर ते 'मी बसें, तो बसे' असंच लिहीत आणि टिंबाचा खडू टक्‌कन वाजवत. म्हणत, "टिंब गेलं, आता मी कोण आणि तो कोण, ओळखा!"

पुढे नोकरीत मेक्सिकोतल्या लोकांशी रोज बोलायची वेळ आली आणि चाळिशीत स्पॅनिशच्या वर्गात जाऊन बसलो. पहिल्याच निबंधात 'लहानपणी मी शाळेत चालत जायचो' हे लिहिताना 'कामिने' असा साधा भूतकाळ वापरला. बाईंनी विचारलं, "का हो, शाळेत एकदाच गेलात?" हवं होतं सवय सांगणारं 'कामिनाबा'.

मग फळ्यावर तक्ता आला. 'आर'ने संपणाऱ्या धातूंना 'आबा': आब्लार म्हणजे बोलणे, त्याचं आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबान. स्पेनमधल्या 'तुम्ही'चं आब्लाबाइस वेगळं. मेक्सिकोत ते लागत नाही, एक रूप वाचलं. 'एर' आणि 'इर'वाल्यांना मात्र सरसकट 'ईआ': कोमेरचं (खाणे) कोमीआ, बिबिरचं (राहणे) बिबीआ. नियम मोडणारे सगळ्या भाषेत तीनच: असणे, जाणे, पाहणे. एरा, इबा, बेईआ. आपल्या अनियमित धातूंची यादी आठवून मला हेवा वाटला.

पहिलं आणि तिसरं रूप एकच, हे बघून शेजारचा मुलगा वैतागला. मी मात्र मनात म्हणत होतो: मी बसे, तो बसे. मी करी, तो करी. आपल्याकडेही गट दोनच की, बसे-उठे एकीकडे, करी-देई-जाई दुसरीकडे! ज्या तासाला मी डुलक्या काढल्या, तोच तास तीस वर्षांनी दुसऱ्या देशातून परत आला होता.

फरक आहेच. 'पाऊस पडायचा' आणि 'पाऊस पडत होता' या दोन्हींना स्पॅनिशमध्ये 'योबीआ' हे एकच रूप पुरतं. कुठला अर्थ घ्यायचा ते आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरवायचं. सरांना हे मुळीच आवडलं नसतं.

पुन्हा निबंध लिहिला, या खेपेला आपल्या शाळेवर. शिपाईमामा अकराला घंटा वाजवी. सर फळा पुसत. मधल्या सुट्टीत आम्ही हापशाभोवती ओरडू. एकूण दहा ओळी, सगळी क्रियापदं 'आबा' नाहीतर 'ईआ'. वही परत आली तेव्हा लाल शाईची एकच खूण होती, 'ग्रिताबामोस'वर, म्हणजे 'आम्ही ओरडू'वर. आम्हीच्या रूपात 'ता'च्या डोक्यावर आघाताची तिरकी रेघ लागते. ती मी विसरलो होतो.

— माजी विद्यार्थी, दहावी १९८९